घराचं काम चालू असताना घरातलं माणूस आजारी पडलं तर काय करायचं

घर अर्धं पाडून ठेवलंय, सामान सगळं एका खोलीत कोंबलंय, मिस्त्री सकाळी नवाला येऊन दारात उभा राहतोय आणि नेमकं तेव्हाच घरातलं माणूस तापानं पडलंय. आमच्यावर मागच्या वर्षी हे आलं. सोलापुरात बाळीवेशीकडचं जुनं घर, मागच्या दोन खणांचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, उतरवून स्लॅब टाकायचा होता, पावसाच्या आत होऊन जाईल म्हणून मे महिन्यात काम धरलं आणि लांबत लांबत जूनअखेर आलं. आत प्लास्टर आणि फरशी चालू होती तेव्हा मला ताप भरला. सगळ्यांनी सांगितलं धुळीनं झालंय, होईल बरं, आणि मी पण तीन दिवस तेच धरून बसले. ते दिवस आठवले की अजून घाबरायला होतं, म्हणून जे जे कळलं ते लिहायलेय.

सगळ्यात आधी एक खोली वाचवा. काम चालू करायच्या आधीच ठरवली तर उत्तम, नसेल तर आजारी पडल्या दिवशी निम्मं सामान अंगणात काढा पण माणसाला एक खोली मोकळी करून द्या. खोली अशी निवडा की कामाच्या बाजूला तिची खिडकी उघडत नाही आणि संडास जवळ आहे. कामाकडच्या दाराला जाड प्लास्टिकचा कागद वरून खालपर्यंत चिकटपट्टीनं लावा, आणि ज्या दारातून ये-जा आहे तिथं जुनी सोलापुरी चादर ओली करून टांगा, ती दर दोन तासांनी पिळून परत ओली करायची. चादर धूळ पण धरते आणि खोली पण गार राहते. दाराखालच्या फटीला ओला टॉवेल. आता कूलरचं बघा, आमच्याकडं हीच चूक झाली होती. कूलर बाहेरची हवा ओढून आत टाकतो, त्याची पाठ कामाकडं असली तर फरशी कापल्याची सगळी धूळ तोच तुमच्या पलंगावर आणून सोडतो. मी रात्रभर खोकत होते आणि कारण कुणाच्या ध्यानात येईना, शेवटी कूलर पलीकडच्या खिडकीला नेला तेव्हा फरक पडला.

मग मिस्त्रीशी बोला, आणि नीट बोला. सगळं काम बंद करायची गरज नसते. फरशी-ग्रॅनाइट कापणं, पुट्टीचं घासकाम, जुना रंग खरवडणं, ऑइल पेंट, थिनर, पॉलिश हे सगळं माणूस उठून बसेपर्यंत बंद. वीटकाम, बाहेरच्या बाजूचं प्लास्टर, वरच्या टाकीची लाइन हे चालू राहिलं तरी चालतं. फरशी कापायचीच असेल तर घरापासून लांब आणि कटरवर पाणी सोडत कापायला सांगा, कारण त्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात गेली की बाहेर निघत नाही. कापणाऱ्यालाही एन९५ मास्क आणून द्या, तोंडाला बांधलेल्या रुमालातून ती बारीक धूळ आत जातेच. आणि काम थांबवणार असाल तर आदल्या दिवशी संध्याकाळीच सांगा ओ. बिगारी लोकांचं हजेरीवर पोट आहे, सकाळी आल्यावर परत पाठवलं तर त्यांचा तो दिवस बुडतो, आदल्या दिवशी कळलं तर ते दुसरीकडं जाऊ शकतात.

एक काम मात्र कोणी आजारी पडलं म्हणून थांबवता येत नाही, ते म्हणजे पाणी मारणं. स्लॅबला साध्या ओपीसी सिमेंटला कमीत कमी ७ दिवस आणि पीपीसीला, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला, १० दिवस पाणी लागतं, आपल्याकडच्या कोरड्या उन्हात तर १० आणि १४ धरा. शेजारच्या पोराला, भाच्याला, कोणाला तरी ते नेमून द्या, आजारी माणसानं जिन्यावर चढायचं नाही. आणि इथंच डासांचा विषय येतो. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही त्यामुळं हौद, पिंप, घागरी भरूनच असतात, त्यात काम चालू असलं की आणखी दोन पिंपं, स्लॅबवर पाणी अडवायला केलेली आळी, कूलरची टाकी. डेंगूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण ७ ते १० दिवसांत अंड्याचा डास होतो, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करून आतून घासून कोरडं करायचं. हौद रिकामा करणं परवडत नाही हे मान्य आहे, तर निदान त्याला झाकण नाहीतर घट्ट बांधलेलं कापड पाहिजेच. स्लॅबवर आळी करण्यापेक्षा गोणपाट अंथरून ते ओलं ठेवलं तर पाणी पण कमी लागतं आणि साचून राहत नाही.

आता मुख्य गोष्ट. नुसत्या धुळीनं नाक गळतं, डोळे चुरचुरतात, कोरडा खोकला येतो, लांब गेलं की कमी होतं. पण अंग फणफणून ताप, डोळ्यांच्या मागं दुखणं, सांधे मोडून निघणं हे धुळीचं नाही. घरात काम आहे म्हणून प्रत्येक दुखणं धुळीवर ढकलू नका, मी ढकललं. चौथ्या दिवशी रक्त तपासलं तर डेंगू निघाला. डॉक्टरांना दाखवेपर्यंत तापाला पॅरासिटामॉलच घ्या, दोन गोळ्यांत निदान चार ते सहा तासांचं अंतर ठेवून. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन मेडिकलमधून मनानं आणू नका, डेंगू असला तर रक्तस्राव वाढू शकतो. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, किंवा एक लिटर पाण्याला ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा धरायचा. आणि ताप उतरला म्हणजे सुटलो असं समजून कामाला लागू नका, डेंगूमध्ये ताप उतरताना, म्हणजे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मधे, जास्त जपावं लागतं. पोटात जोरात दुखणं, उलटी न थांबणं, हिरड्यांतून नाहीतर नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, माणूस गुंगीत जाणं, यातलं एक जरी दिसलं तरी थेट दवाखाना, गाडी नसली तर १०८. एवढ्यासाठी गल्लीतला वाळूचा ढीग असा टाकून घ्या की दारापर्यंत रिक्षा यायला जागा राहील. ढीग टाकताना कोणी विचार करत नाही, आम्हीही केला नव्हता.

पिण्याचं पाणी उकळून, चांगली खळखळून उकळी आल्यावर. नवीन लाइन जोडली की सुरवातीचं पाणी सोडून द्या, आणि प्लंबरला विचारा की ड्रेनेजची आणि पिण्याची लाइन कुठं जवळजवळ आलीय का. जुन्या घरात अशा लाइनी एकमेकींला चिकटून असतात, त्यातून कावीळ, टायफॉइड घरात येतो.

स्वयंपाकघर फोडलेलं असेल तर शेगडी गॅलरीत मांडून चालतं, पण ऑइल पेंट-थिनरच्या डब्याजवळ नाही. आजारी माणसाला ज्वारीच्या कण्या ताकात, मऊ भात, मुगाच्या डाळीचं पाणी. कडक भाकरी आणि शेंगाचटणी तोंडाला चव आणते खरी पण पोट बरं होईपर्यंत थांबा. शेजारच्या आक्का डबा देते म्हणाल्या तर नको म्हणू नका, मी दोन दिवस संकोचानं नको म्हटलं आणि घरातल्यांचे हाल झाले.

रात्रीचा रस्ता बघून ठेवा, पलंगापासून संडासापर्यंत एक घमेलं, एक वायर, एक वीट नको, बल्ब रात्रभर चालू. तापात उठलं की चक्कर येते. जुन्या माळवदाच्या मातीत आणि राडारोड्यात विंचू निघतात, चप्पल झटकूनच घाला. दोन संडास असतील तर एका वेळी एकच फोडा. औषधं, रिपोर्ट, चष्मा, चार्जर, थर्मामीटर एका पिशवीत घालून उशाशी टांगा, सामानाच्या ढिगात एकदा गेलं की सापडत नाही.

घरात दमा असलेलं माणूस, गरोदर बाई, लहान लेकरू असेल तर त्यांनी आजारी पडायची वाटच बघू नका. आमच्या सासूबाईंना दमा आहे, त्यांना पहिल्या आठवड्यातच जुळे सोलापूरला नणंदेकडं पाठवलं, त्या नाराज झाल्या पण मला तेच बरोबर वाटतं. जुनं घर असेल तर रंग खरवडायच्या दिवशी तरी लेकरं घरात नकोत, घराला लावायच्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, खाली ठेवायचा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झालाय, त्याआधीचे थर भिंतीवर तसेच आहेत.

आणि काम संपल्यावर केरसुणी मारू नका, झाडलं की बसलेली धूळ परत उठते आणि नुकतं बरं झालेलं माणूस परत खोकायला लागतं. आधी ओल्या फडक्यानं वरून खाली, पंख्याची पाती, ट्यूब, कपाटाचा माथा, मग भिंती, शेवटी फरशी दोनदा पुसायची, बादलीतलं पाणी दर खोलीला बदलत. त्या दिवशी बरं झालेल्या माणसाला शेजारी बसवा, आणि फरशी वाळली की मगच घरात आणा.