धोक्याचा इशारा सगळ्यांपर्यंत वेळेत कसा पोहोचवावा

शाळा, कारखाना, रुग्णालय, मोठी वसाहत किंवा छोटे शहर, यांपैकी कशाचीही जबाबदारी तुमच्यावर असेल तर एक प्रश्न टाळता येत नाही: पूर, आग किंवा वायुगळती झाली तर सगळ्यांना कळवायचे कसे? बहुतेक जण आधी भोंगा विकत घेतात किंवा एखादे ॲप. माझ्या मते यंत्र सगळ्यात शेवटी घ्यावे. इशारा ऐकून माणसाने नेमके काय करायचे हे आधी ठरवावे, कारण संदेश सुटला म्हणून काम संपत नाही. माणूस सुरक्षित जागी निघाला, तरच इशारा दिला असे म्हणता येईल. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

१. धोका आणि हाताशी असलेला वेळ

तुमच्या जागेला असलेले धोके कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर किती वेळ मिळेल ते लिहा. चक्रीवादळाची चाहूल बहुधा काही दिवस आधी लागते. मोठ्या नदीचा पूर काही तास देतो, डोंगरातून येणारा लोंढा कधीकधी तासभरही देत नाही. भूकंपात मिळतात ती सेकंदेच: वेगवान पण सौम्य लहरी आधी पोहोचतात, विध्वंसक लहरी मागून येतात, आणि या फरकावरच जपानची २००७ पासून सर्वांसाठी खुली असलेली पूर्वसूचना यंत्रणा चालते. जिथे सेकंदेच मिळतात तिथे इशारा आपोआप सुटला पाहिजे, कारण माणसाला विचार करायला सवड नसते. जिथे तास मिळतात तिथे मात्र माणसाने खात्री करून सोडावा.

काही धोक्यांत कुठलाही संदेश वेळेत पोहोचत नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत इंडोनेशियाचे सिमेउलुए बेट भूकंपाच्या केंद्राजवळ होते. तिथल्या सुमारे ७८ हजार लोकांपैकी फक्त सात दगावल्याची नोंद आहे, कारण १९०७ च्या त्सुनामीपासून ‘जमीन जोरात हलली की डोंगराकडे पळा’ ही शिकवण घराघरांत सांगितली जात होती. तेव्हा निसर्गाची कोणती खूण म्हणजेच इशारा, हेही त्याच कागदावर लिहा.

२. बटण कोण दाबणार?

नाव लिहा. प्रत्येक पाळीला एक जबाबदार माणूस आणि तो नसेल तर त्याच्या जागी दोघे. पाणी अमुक खुणेला लागले किंवा गळतीचा अमुक अलार्म वाजला, की वरिष्ठांना फोन न लावता इशारा सोडायचा, अशी लेखी मुभा त्यांना द्या. जुलै २०२१ मध्ये जर्मनीच्या आर खोऱ्यात पूर आला तेव्हा नदीकाठची घरे रिकामी करण्याचा जिल्ह्याचा आदेश रात्री अकरानंतर निघाला. वरच्या अंगाच्या गावांत तोवर घरे बुडाली होती. त्या खोऱ्यात १३० हून अधिक माणसे गेली. अंदाज हाती होते, पण निर्णय वेळेवर झाला नाही.

३. संदेश आजच लिहून ठेवा

सगळ्यात जास्त वेळ याला द्या. संकटाच्या क्षणी चांगले वाक्य सुचत नाही. सुचते ते सरकारी पत्रकाचे: ‘अतिवृष्टीची शक्यता असून नागरिकांनी सतर्क राहावे व आवश्यक ती खबरदारी घ्यावी.’ हे वाचून कोणी उठेल का? सतर्क राहायचे म्हणजे काय करायचे, हेच त्यात नाही.

इशाऱ्यांचा अनेक वर्षे अभ्यास केलेल्या डेनिस मिलेटी आणि जॉन सोरेन्सन यांनी एक गोष्ट वारंवार मांडली: इशारा मिळाल्यावर लोक सहसा घाबरून सैरावैरा पळत नाहीत, उलट थांबतात. खिडकीतून पाहतात, शेजाऱ्याला विचारतात, भावाला फोन करतात. खात्री करून घेण्यात मोलाची मिनिटे जातात. ती वाचवायची असतील तर संदेशातच पाच प्रश्नांची उत्तरे हवीत: सांगतो कोण, धोका कसला, कुठे, केव्हापर्यंत आणि करायचे काय. उदाहरणार्थ:

‘नगरपालिका आपत्ती कक्ष: नदीचे पाणी आज सायंकाळी ६ पर्यंत पुलाखालच्या वस्तीत शिरेल. आताच घर सोडा, टेकडीवरच्या शाळेत जा. पाण्यातून गाडी नेऊ नका. पुढची सूचना ५ वाजता.’

शेवटचे वाक्य कापू नका. पुढची बातमी कधी मिळणार हे माहीत असले की लोक अफवांच्या मागे कमी लागतात, आणि फोन करकरून लाइनही अडवत नाहीत. प्रत्येक धोक्यासाठी असा मसुदा तयार करा, फक्त वेळ आणि जागा रिकाम्या ठेवा. तुमच्याकडे ज्या ज्या भाषा बोलल्या जातात त्या सगळ्यांत तो लिहून घ्या. पाहुणा किंवा कामासाठी आलेला मजूर सोडून चालणार नाही. आणखी एक व्यवहारातली गोष्ट: देवनागरी एसएमएसच्या एका भागात ७० अक्षरचिन्हे मावतात आणि मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. म्हणून ‘काय करायचे’ हे अगदी सुरुवातीलाच येईल असा एसएमएससाठी वेगळा छोटा मसुदा करा.

४. मार्ग निवडा, पण एकाच कारणाने बंद पडणारे नकोत

ॲप, ईमेल आणि व्हॉट्सॲप गट हे तीन मार्ग दिसतात, पण इंटरनेट गेले की तिन्ही एकदम गेले. किमान तीन मार्ग असे निवडा की एक इंटरनेटवर, एक इंटरनेटशिवाय आणि एक वीज नसतानाही चालेल.

एसएमएस आणि सेल ब्रॉडकास्ट यांतला फरक समजून घेण्यासारखा आहे. एसएमएस एकेका क्रमांकाला जातो, त्यामुळे हजारो जणांना एकदम पाठवला की रांग लागते. सेल ब्रॉडकास्टमध्ये टॉवर आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकाच वेळी संदेश ऐकवतो. त्याला कोणाचा क्रमांक लागत नाही, नेटवर्कवरच्या गर्दीचा त्याला अडथळा होत नाही, आणि फोन मोठ्या वेगळ्या आवाजात वाजतो. आर खोऱ्यातल्या पुराच्या वेळी जर्मनीत ही सोय नव्हती, फेब्रुवारी २०२३ मध्ये ती सुरू झाली. मात्र ती सरकारी यंत्रणा आणि मोबाइल कंपन्यांमार्फतच चालते. तुमच्या भागासाठी तो संदेश कोण सोडते आणि तुमची खबर त्यांच्यापर्यंत कशी जाईल, हे आधीच विचारून ठेवा.

विक्रेता आला की त्याला पहिला प्रश्न ‘कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल’बद्दल विचारा. इशारा लिहिण्याची ही सर्वमान्य पद्धत आहे. तीत धोक्याची निकड, तीव्रता आणि खात्री वेगवेगळी नोंदवतात, आणि एकदा लिहिलेला इशारा भोंगा, फोन, फलक, रेडिओ यांना एकाच वेळी देता येतो. ती न चालणारी यंत्रणा घेतली तर ऐन वेळी चार ठिकाणी चार वेळा टंकावे लागेल.

आणि माणसे. १९७० च्या चक्रीवादळात आजच्या बांगलादेशच्या किनाऱ्यावर काही लाख लोक गेले. त्यानंतर तिथे स्वयंसेवकांची मोठी फळी उभी राहिली. मेगाफोन आणि निशाणे घेऊन ते दारोदार जातात. उपग्रह आले, मोबाइल आले, तरी ही फळी मोडलेली नाही. ऐकू न येणारे, एकटे राहणारे, अंथरुणाला खिळलेले यांच्या दाराशी कोण जाणार, त्याची यादी नावानिशी हवी. बहिऱ्या व्यक्तींसाठी लुकलुकणारे दिवे आणि थरथरणारी उपकरणेही मिळतात.

५. भोंगा

भोंगा उघड्यावरच्या लोकांसाठी असतो. अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो. बंद खिडक्या आणि पाऊस असला की घरात काहीच ऐकू येत नाही. जागा ठरवताना वाऱ्याच्या दिवशी कडेच्या घरात उभे राहून ऐका. बॅटरी हवीच.

त्याहून मोठा मुद्दा आवाजाच्या अर्थाचा. ऑगस्ट २०२३ मध्ये हवाईतल्या लाहायना शहरात आग पसरली तेव्हा भोंगे वाजवले गेले नाहीत. तिथे भोंगा म्हणजे त्सुनामी असे लोक समजतात, ते डोंगराकडे म्हणजे आगीकडे गेले असते, असे कारण अधिकाऱ्यांनी दिले. म्हणून भोंग्यापाठोपाठ बोललेली सूचना ऐकवणारी यंत्रणा घ्या, किंवा एका आवाजाला एकच अर्थ ठेवा आणि तो सगळ्यांना शिकवा.

६. इशारा मागे घेण्याचा मसुदा

१३ जानेवारी २०१८ ला हवाईत क्षेपणास्त्र येत असल्याचा खोटा इशारा फोनवर गेला. तो चुकीचा असल्याचा संदेश फोनवर यायला ३८ मिनिटे लागली, कारण तसा मसुदा तयारच नव्हता. तुमच्याकडे ‘चुकून गेला’ आणि ‘धोका टळला’ असे दोन वेगळे मसुदे असू द्या. सराव आणि खरा इशारा यांची बटणे शेजारी ठेवू नका.

७. रंगीत तालीम

ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी यंत्रणा वाजवा. नेदरलँड्समध्ये दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी १२ वाजता भोंगे वाजवण्याची पद्धत रूढ झाली. त्याने लोकांच्या कानाला आवाजाची ओळख राहते. वर्षातून एकदा तरी लोकांना ठरलेल्या जागेपर्यंत चालत न्या, आणि एकदा रात्री करून पाहा. किती संदेश पाठवले हे संगणक सांगेल. तुम्ही मोजा ते वेगळे: किती जणांनी ऐकले, किती मिनिटांत निघाले, कोण राहिले. जर्मनीत सप्टेंबर २०२० च्या देशव्यापी चाचणीत इशारे उशिरा पोहोचले आणि मोठी टीका झाली. पण दोष सरावात सापडणे हेच तर हवे असते. सापडलेला दोष कोण, कधीपर्यंत दुरुस्त करणार तेही लिहा, आणि क्रमांकांची यादी त्याच दिवशी ताजी करा.

८. स्वतःचा फोन

सेटिंगमध्ये ‘इमर्जन्सी अलर्ट’ शोधा आणि सगळे पर्याय चालू करा. फोन एअरप्लेन मोडवर असेल तर सेल ब्रॉडकास्ट येत नाही, रात्री झोपताना हे लक्षात असू द्या. घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोनही पाहा, आणि तो कर्कश आवाज आला की काय वाचायचे, कुणाला हाक मारायची, हे त्यांना शेजारी बसून दाखवा.