भंडारदऱ्यात मे अखेरचे तीन दिवस : कुटुंबाच्या सहलीची आखणी

उन्हाळ्याच्या सुटीत दोन रात्री आणि तीन दिवस एवढाच वेळ हाताशी असेल, घरात आठ-दहा वर्षांची मुले आणि सत्तरीचे आजी-आजोबा असे दोन्ही टोकांचे लोक असतील, आणि प्रत्येकाला मोकळ्या हवेत काही ना काही करायला मिळावे अशी इच्छा असेल, तर अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील भंडारदरा हे ठिकाण विचारात घ्यावे. येथे जलाशय, राज्यातील सर्वांत उंच शिखर, प्राचीन मंदिर आणि कातळात खोल चिरत गेलेली घळ ही सगळी एकाच परिसरात आहेत, आणि मे संपता संपता येथील झाडांवर काजवे उतरतात. मात्र ही विपुलताच अनेकांची सहल बिघडवते, कारण सगळे पाहण्याच्या हट्टाने भर दुपारी चढण चढली जाते आणि संध्याकाळी, जेव्हा खरी गंमत सुरू व्हायची असते, तेव्हा मुले गाडीत झोपलेली असतात. म्हणून या सहलीची आखणी ठिकाणांच्या यादीवरून न करता उन्हाच्या वेळेवरून करावी, असे माझे ठाम मत आहे. पहाटे कष्टाचे काम, अकरा ते चार सावलीत विश्रांती, संध्याकाळी पाण्याकाठी आणि अंधार पडल्यावर झाडांखाली, एवढा क्रम पाळला की बाकीच्या गोष्टी सहज बसतात.

सर्वप्रथम तारखा ठरवाव्यात. काजवे साधारणपणे मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्यानंतर आणि मोसमी पावसाचा जोर सुरू होण्यापूर्वी, सर्वाधिक दिसतात. या काळातही पौर्णिमेच्या आसपास चांदण्यामुळे त्यांचा प्रकाश फिका वाटतो, त्यामुळे दिनदर्शिका पाहून अमावास्येच्या जवळचे दिवस निवडावेत. शनिवार-रविवार शक्यतो टाळावा. आम्ही एका वर्षी शनिवारी गेलो होतो, तेव्हा घाटातील अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागून रात्रीचे तीन तास गाडीतच गेले, आणि समोरच्या गाड्यांच्या दिव्यांच्या झोतात काजवा जवळजवळ दिसलाच नाही. पुढच्या वर्षी मंगळवार-बुधवार निवडला आणि त्याच रस्त्यावर आम्ही एका हिरड्याच्या झाडाखाली अर्धा तास जवळजवळ एकटे उभे होतो.

मुंबई किंवा नाशिककडून येणाऱ्यांनी घोटीहून वळावे. रेल्वेने यायचे असल्यास इगतपुरी स्थानक सोयीचे पडते. पुण्याकडून संगमनेर, अकोले, राजूर असा मार्ग आहे. मुक्कामासाठी धरणालगतचे शेंडी गाव सोयीचे ठरते, कारण हॉटेले, घरगुती निवास आणि तंबूंची सोय तेथे आणि आसपासच्या जलाशयकाठी मिळते. तंबू ठरवताना तो झाडाच्या सावलीत आहे का, शौचालय किती अंतरावर आहे आणि रात्री ध्वनिक्षेपक लावले जातात का, हे तीन प्रश्न फोनवरच विचारून घ्यावेत. आजी-आजोबा सोबत असतील तर खोलीच घ्यावी, कारण दुपारी तंबू तापतो आणि मध्यरात्री उठून अंधारात चालत जाणे त्यांना त्रासाचे होते. रोख रक्कम घरूनच आणावी, आणि मोबाइलची रेंज अनेक वळणांवर जाते हे गृहीत धरून भेटीची ठिकाणे आधीच ठरवून ठेवावीत.

पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणाला पोहोचावे आणि काहीही न करता विसावावे. फक्त साडेबाराच्या सुमारास पोहोचलेले असलात तर मुलांना एक काठी जमिनीत उभी रोवायला सांगावी. या अक्षांशावर मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि महिनाअखेरीसही मध्यान्ही काठीची सावली अगदी तोकडी, नाहीशी झाल्यासारखी दिसते. हा प्रयोग मुलांच्या चांगला लक्षात राहतो. पाच वाजता जलाशयाकडे निघावे. प्रवरा नदीवरील विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि त्याच्यामागच्या पाण्याला आर्थर जलाशय म्हणतात. मे अखेरीस पाणी बरेच खाली गेलेले असते, काठावर गाळ उघडा पडलेला असतो आणि वरून वाळलेला दिसणारा हा गाळ आत मऊ असतो, त्यामुळे मुलांना एकटे पाण्याकडे जाऊ देऊ नये आणि पोहण्याचा मोह मोठ्यांनीही आवरावा. नौकाविहार चालू असेल तर प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट आहे आणि लहान मुलाच्या मापाचे वेगळे जाकीट मिळाले आहे याची खात्री केल्याशिवाय नावेत पाऊल ठेवू नये. नावाजलेला रंधा धबधबा या दिवसांत धरणातून पाणी सोडलेले असेल तरच पाहण्याजोगा असतो, म्हणून आधी चौकशी करावी.

दुसऱ्या दिवशी कुटुंबाने दोन गट करावेत, आणि यात कोणालाही कमीपणा वाटू देऊ नये. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे आणि पायथ्याच्या बारी गावापासून जवळजवळ ९०० मीटरची चढण आहे, तेव्हा दहा वर्षांवरील, चालण्याची सवय असलेल्या मुलांनी आणि धडधाकट मोठ्यांनीच तेथे जावे. पहाटे पाचच्या आत चालायला लागणे ही या दिवसाची एकमेव अट आहे. वाटेवरच्या कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. नऊनंतर त्यांचे कठडे तापू लागतात आणि सुटीच्या दिवशी तेथे रांगही लागते. प्रत्येकाने किमान तीन लिटर पाणी, मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएसची पाकिटे, टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घ्यावा. मूल चिडचिड करू लागले, डोके दुखते म्हणाले किंवा त्याची लघवी गडद पिवळी झाली, तर शिखर कितीही जवळ असले तरी सावलीत बसवून पाणी पाजावे आणि परत फिरावे. वर देवीचे छोटे मंदिर आहे आणि हवा स्वच्छ असेल तर अलंग, मदन आणि कुलंग हे तिन्ही दुर्ग ओळीने दिसतात. अकराच्या आत खाली उतरता येईल असा हिशेब ठेवावा.

मागे राहिलेल्यांनी सकाळी धरणाच्या परिसरात सावलीच्या रस्त्याने फिरावे. करवंदाच्या जाळ्या या दिवसांत भरलेल्या असतात, आणि आजोबांनी नातवंडांना पिकलेले करवंद कोणते आणि चिकाचे कोणते हे ओळखायला शिकवणे हा माझ्या मते शिखर चढण्याइतकाच मोलाचा उपक्रम आहे. गावातील स्त्रिया पानाच्या द्रोणात करवंदे आणि जांभळे विकायला बसतात. त्यांच्याकडून घासाघीस न करता घ्यावीत.

दुपारी सर्वांनी एकत्र जेवून झोपावे. चारनंतर रतनवाडीला जावे, जेथे रतनगडाच्या पायथ्याशी अमृतेश्वराचे कोरीव दगडी मंदिर आहे आणि शेजारी कोनाड्यांतून मूर्ती असलेली पुष्करणी आहे. हे स्थळ आजी-आजोबांनाही विनासायास पाहता येते. प्रवरेचा उगम याच रतनगडाच्या परिसरात आहे हे मुलांना सांगितले, तर आदल्या दिवशी पाहिलेला जलाशय आणि ही डोंगररांग यांची सांगड त्यांच्या मनात आपोआप बसते.

अंधार पडल्यावर काजव्यांकडे वळावे. हा परिसर कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग असल्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर शुल्क भरून, ठरलेल्या वेळेतच आत जावे लागते. घाटघर, रतनवाडी, मुरशेत या बाजूंना हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, आंबा अशा झाडांवर काजव्यांचे थवे दिसतात. हा प्रकाश म्हणजे नर आणि मादीची परस्परांना खूण असते. आपल्या विजेरीचा, गाडीचा किंवा कॅमेऱ्याचा झोत त्यांच्यावर पडला की ती खूण बुडते आणि मीलन अडते. प्रौढ काजव्याचे आयुष्य काही आठवड्यांचेच असते, त्यामुळे अशी एक-एक वाया गेलेली रात्र पुढच्या वर्षीच्या संख्येत उमटू शकते. म्हणून गाडी दूर उभी करून दिवे बंद करावेत, विजेरीवर लाल पारदर्शक कागद बांधून ती फक्त पायाखाली धरावी, फ्लॅश वापरू नये आणि गवतात शिरू नये, कारण तेथे माद्या बसलेल्या असतात. काजवे बाटलीत भरण्याचा मुलांचा आग्रह प्रेमाने पण ठामपणे मोडावा. पहिली दहा मिनिटे डोळे अंधाराला सरावण्यात जातात. तेवढा वेळ शांत उभे राहिले की एखादे अख्खे झाड एका लयीत उजळते आणि मालवते, आणि ते पाहताना माझ्या बडबड्या मुलीनेही आपणहून आवाज खाली आणला होता. परतताना मोकळ्या जागी थांबून डोक्यावर स्वाती, उत्तरेला सप्तर्षी आणि आग्नेयेला वृश्चिकातील तांबडी ज्येष्ठा शोधावी.

तिसऱ्या दिवशी एकच मोठे काम ठेवावे. साम्रद गावाजवळची सांधण घळ दगडांवरून उड्या मारण्याची आवड असलेल्या मुलांना फार आवडते, परंतु स्थानिक वाटाड्या घेऊन, सकाळी लवकर आणि फक्त सुरुवातीच्या टप्प्यापर्यंतच जावे. पुढचा मार्ग दोरांचा आहे आणि तो कुटुंबासाठी नाही. आकाशात ढग जमलेले असतील तर उतरूच नये, कारण अरुंद घळीत वळवाचे पाणी क्षणात चढते. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी घाटघरच्या कड्यावर गाडीने जाऊन खाली पसरलेले कोकण पाहावे. कठड्याबाहेर जाऊ नये.

खर्च आणि सामान यांबाबत फार लिहिण्यासारखे नाही, परंतु पाण्याबद्दल मात्र लिहिलेच पाहिजे. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण येथील अनेक वाड्यांनी अनुभवलेली आहे. मे महिन्यात तेथील बायाबापड्या पाण्यासाठी लांब चालतात, आणि आपण मुक्कामाच्या ठिकाणी वापरतो ते पाणी त्याच टंचाईतून आलेले असते. म्हणून आंघोळ बादलीने करावी, पिण्याचे पाणी वीस लिटरच्या कॅनमधून न्यावे म्हणजे रिकाम्या बाटल्यांचा ढीग होत नाही, आणि कचरा पिशवीत बांधून शहरातच परत आणावा. तिसऱ्या दिवशी जेवण करून तीनच्या सुमारास निघाल्यास घाटातील वळणे उजेडातच मागे पडतात.