घरात कुत्रा असताना नवे पिल्लू आणताय? या चुका टाळा

‘जुना कुत्रा पिल्लावर गुरगुरतो, काय करू?’ असे कोणी विचारले की मी आधी उलट विचारतो, गुरगुरल्यावर तुम्ही त्याला रागावलात का? उत्तर बहुधा ‘हो’ असते आणि घोटाळा तिथेच झालेला असतो. तोंड फिरवणे, ओठ चाटणे, उठून दुसरीकडे जाणे या खुणांकडे घरात कोणाचेच लक्ष गेले नाही, म्हणजे मगच कुत्रा आवाज काढतो. नागपूरच्या मनीषनगरातील एका परिचितांनी आपल्या म्हाताऱ्या लॅब्राडोरला प्रत्येक गुरगुरीला चापट मारून गप्प केले आणि आठवडाभरातच ‘दोघांची मैत्री झाली’ असे मोठ्या कौतुकाने कळवले. मे महिना होता, कूलरसमोरची फरशी ही त्या म्हाताऱ्याची वर्षानुवर्षांची हक्काची जागा होती आणि एका दुपारी पिल्लू नेमके तिथेच त्याच्या अंगावर लोळले. या वेळी तो गुरगुरला नाही, सरळ चावला. पिल्लाच्या कानाला टाके पडले आणि मालक मात्र ‘अचानक चावला हो’ असे सगळ्यांना सांगत राहिले. गुरगुर ऐकू आली की मी मोठ्याला काहीही न बोलता पिल्लाला तिथून उचलतो. शिवाय नागपूरच्या उन्हाळ्यात भांडण जेवणाइतकेच गारव्यावरून होते, म्हणून कूलरसमोर मोठ्याचीच जागा ठेवतो आणि पिल्लाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ओला टॉवेल अंथरून देतो.

पहिली भेट घराबाहेर घडवावी हा सल्ला योग्यच आहे, पण तो अर्धवट ऐकून लोक लस पूर्ण न झालेले पिल्लू थेट फुटाळा तलावावर नेतात. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, आणि सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होणाऱ्या लसी दर तीन-चार आठवड्यांनी देत सोळा आठवड्यांपर्यंत न्याव्या लागतात. ज्या गच्चीवर किंवा अंगणात बाहेरची कुत्री येत नाहीत, अशी शेजाऱ्यांची जागा मागून घ्यावी. मोठ्याच्या लसी चालू आहेत का तेही पाहावे आणि त्याचा पट्टा सैल धरावा, कारण ताणलेल्या पट्ट्यातून आपली धास्ती त्याच्यापर्यंत पोहोचते.

विक्रेता पंचेचाळीस दिवसांचे पिल्लू देतो म्हणून घेऊ नये. आठ आठवडे ते आई आणि भावंडांसोबत राहिले, तर किती जोराने चावायचे हे तिथेच शिकून येते. जेवण वेगवेगळ्या खोल्यांत द्यावे. घरी कोणी नसताना दोघांना एकत्र सोडू नये, मग ती कितीही शहाणी वाटोत. म्हाताऱ्याचे रात्रीचे फिरणे पिल्लापायी बंद करू नये.

‘एकमेकांशी खेळतील’ म्हणून एकाच वेताची दोन पिल्ले आणणाऱ्यांना मी एक परत देण्याचा सल्ला देतो, आणि तो आजवर कोणीही मानलेला नाही.