जुन्या निगेटिव्ह आणि स्लाइड घरी स्कॅन करताना

गोव्याच्या दमट हवेत कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या फिल्मवर बुरशी धरते, म्हणून स्कॅनिंगचे काम शक्यतो डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दिवसांत, पंखा बंद ठेवून करावे. बुरशीचे डाग दिसले तरी फिल्म पाण्याने कधीही धुऊ नये, कारण बुरशीमुळे इमल्शनमधील (फिल्मवरील चित्राच्या थरातील) जिलेटिन पाण्यात विरघळू लागते आणि डागाबरोबर चित्रही निघून जाण्याची भीती असते. सुटी धूळ दाबून हवा सोडणाऱ्या रबरी फुग्याने (ब्लोअरने) उडवावी. तोंडाने फुंकर मारण्याची सवय मात्र मोडावी, तिच्यातून थुंकीचे कण बसतात.

साध्या कागदपत्रांच्या स्कॅनरचा येथे उपयोग नाही. फिल्मच्या आरपार प्रकाश टाकणारा, म्हणजे झाकणात दिवा असलेला स्कॅनर लागतो. ३५ मिमी फिल्मसाठी २४०० डीपीआय (दर इंचाला टिपले जाणारे ठिपके) घेतल्यास साधारण ७५ लाख पिक्सेलचे चित्र मिळते आणि घरगुती छपाईला ते पुरते. स्कॅनरमधील अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांनी चित्रातले धूळ-ओरखडे पुसण्याची सोय बहुतेक रंगीत फिल्मवर उत्तम चालते, परंतु पारंपरिक कृष्णधवल फिल्ममधील चांदी हे किरण अडवत असल्याने तेथे ती बंदच ठेवावी, अन्यथा चित्राचे तपशीलच ओरखडे समजून पुसले जातात. स्कॅनची मूळ प्रत १६-बिट टिफमध्ये (रंगांचे बारकावे न गमावता साठवणाऱ्या फाइलमध्ये) जपावी, नातेवाइकांना पाठवायला जेपेग पुरे. स्कॅननंतर मूळ फिल्म टाकून देऊ नये. सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी आणि ते जेल पावसाळ्यापूर्वी बदलावे.