आजीची पैठणी हातात आली? या चुका टाळा

घरातलं म्हातारं माणूस गेलं, तेरावं झालं, की लेकीसुना ट्रंक उपसतात आणि मला फोन येतो, "जुन्या साड्या निघाल्यात, काय करू गं?" विचारणारीने रील आधीच बघितलेली असते. ड्रेस शिवायचा हे ठरलेलं असतं, माझ्याकडून फक्त हो हवं असतं.

शिवा बापडे. पण आधी रेशमात जीव आहे का ते बघा, आणि बघा घडीवरच. वर्षानुवर्षं एकाच घडीत पडलेलं रेशीम त्या रेघेवर विरतं. साडी उजेडासमोर धरली की बारीक चिरा दिसतात, एरवी ती नवीकोरी भासते. ओळखीतल्या एका मुलीने पणजीच्या जांभळ्या पैठणीचा घागरा शिवायला टाकला, तोही लग्न आठवड्यावर आलेलं असताना. शिंपी म्हणाला, "ताई, कापड विरलंय." उत्तर मिळालं, "अस्तर लावा ना!" अस्तर लागलं. शिवण टिकली, शिवणीशेजारचं रेशीम टिकलं नाही. ऐन वरमाला घालताना ती जरा वाकली आणि कमरेखाली टर्रकन गेलं. मावशीने शेला गुंडाळून वेळ मारून नेली. वाईट वाटलं ते पदराचं. घागऱ्याच्या घेरात दोन कळ्या, म्हणजे तिरके तुकडे, बसवायचे म्हणून त्यातले मोर मधोमध कापले होते. अंग विरलं तरी काठ-पदर अनेकदा धड असतात. ते सोडवून नव्या रेशमावर हाताने टाके घालून चढवता येतात. या कामाला वेळ लागतो, आणि घाई असेल तर दुकानातला घागरा घ्यावा. मी तर वर्षभर कात्रीच लावू देत नाही. लोकांना तो माझा तऱ्हेवाईकपणा वाटतो, वाटू दे.

जरी काळी पडली म्हणजे खोटी, हा दुसरा गैरसमज. जुन्या पैठणीची जरी म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार, आणि चांदी काळवंडतेच. उलट हल्लीची प्लास्टिकची जरी वर्षानुवर्षं चकाकते. तांब्याची तारही काळी पडते, म्हणून खात्री हवी तर दोन धागे घेऊन सराफाकडे जा. भांडी घासायची पावडर, लिंबू, टूथपेस्ट यातलं काहीही चोळू नका, मुलामा निघून जातो. आणि दारावर येणाऱ्या जुनी जरी घेणाऱ्याला तर मुळीच देऊ नका. तो काठ-पदर जाळून चांदी काढतो आणि तुम्हाला वजनावर पैसे देतो. विणकराने महिनोन्‌महिने मागावर बसून विणलेल्या पदराला त्याच्या तराजूत किंमत नसते.

रोल पॉलिश जुन्या रेशमाला नको, रुळावर ताणून फाटतं. डांबरगोळी जरीला टेकवू नका. प्लास्टिकची पिशवी आत ओल धरते, धुतलेल्या मलमलीत बांधा. हँगरवर जड काठ खाली ओढतो. कांजी घालून ठेवलंत तर कसर लागलीच समजा. रबरबँडही नको, त्यातल्या गंधकाने जरी काळी पडते. पावसाळा सरला की साड्या सावलीत पसरून नव्या जागी घडी घालायची, एवढं तरी करा.

वाटणीत सहा जणींना सहा तुकडे, हा न्याय मला पटत नाही. एकीने साडी ठेवावी, कार्याला बाकीच्यांनी मागून नेसावी.

नऊवारीची सहावारी करणं मात्र मला चालतं, कापड धड असेल तर. पदराकडून कापू नका, आणि उरलेला तुकडा ब्लाऊजमध्ये घालवू नका. पुढे रफू करताना त्याच रंगाचा धागा त्यातूनच मिळतो.

सगळंच जपायचा हट्टही नको. वापरून मऊ झालेल्या सुती लुगड्यांची गोधडी शिवा. बोहारणीकडे जायचं ते जाऊ दे, फक्त गठ्ठ्यात इरकल नाही ना ते बघा. अंग सुती दिसतं म्हणून ती जाते आणि तिचा लाल रेशमी पदर घरी कुणी उलगडलेलाच नसतो.

संग्रहालयाला द्यायचं मनात असेल तर साडी कुणाची, कोणत्या गावची, कोणत्या लग्नातली हे मोठ्या आत्यांना विचारून लिहून काढा. चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधा, टाचणीने नको. टाचणी गंजते आणि रेशमावरचा गंजाचा डाग निघत नाही.