गिटार आणि बेस थेट प्रीअँपमध्ये लावताना या चुका टाळा

बेस दबलेला येतोय, ईक्यू (आवाजातला खालचा-वरचा भाग कमीजास्त करणारं नियंत्रण) कुठे वाढवू? हा प्रश्न पडला की ईक्यूला हात लावू नका. आधी वायर प्रीअँपच्या, म्हणजे क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राच्या, कुठल्या सॉकेटमध्ये गेली आहे ते बघा. बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे एका टोकाला जॅक आणि दुसऱ्या टोकाला एक्सएलआर (माइकचा तीन पिनांचा प्लग) अशी वायर घेऊन गिटार सरळ माइक इनपुटला जोडणं. वायर बसते, आवाज येतो, म्हणून काम झालं असं वाटतं. पण माइक इनपुटचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) साधारण दीड ते तीन किलोओहम असतो. पॅसिव्ह पिकअपला, म्हणजे तारांचं कंपन पकडणाऱ्या बिनबॅटरीच्या कॉइलला, समोर एक मेगाओहमच्या आसपास हवा. आता हिशेब करा. पिकअपचा रोध ८ किलोओहम आणि इनपुट २ किलोओहम असेल तर सिग्नल एक पंचमांश उरतो, म्हणजे १४ डेसिबल गेले. तेवढे गेन वाढवून भरून काढता येतील, पण खरं नुकसान वेगळंच आहे. कॉइलला इंडक्टन्स असतो, समजा ४ हेन्री. फ्रिक्वेन्सी वाढेल तसा पिकअपचा इम्पिडन्सही चढत जातो, आणि या जोडीत साधारण ४०० हर्ट्झच्या वरचं सगळं दर ऑक्टेव्हला ६ डेसिबलने उतरू लागतं. दोन ते पाच किलोहर्ट्झच्या दरम्यान पिकअपचं जे स्वतःचं शिखर असतं, ज्यामुळे एक गिटार दुसरीहून वेगळी ऐकू येते, तेही सपाट होतं.

मग पुढचा क्रम ठरलेला. नव्या तारा चढतात. ट्रेबल १० डेसिबलने वाढतो आणि नोटेऐवजी हिस वर येतो. मग प्रीअँपला नावं ठेवली जातात. यात अर्धा दिवस जातो. शेवटी कोणीतरी मध्ये डीआय बॉक्स (वाद्याचा इम्पिडन्स माइक इनपुटशी जुळवणारी डबी) लावतं आणि पहिल्याच नोटेला बोट तारेवरून सुटल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. ‘मिक्समध्ये बघू’ म्हणणाऱ्यांना कळकळीची विनंती: जे सॉकेटपाशीच गेलं, ते मिक्समध्ये परत येत नाही.

याच वायरीवर फँटम (माइकला वायरीतूनच दिली जाणारी वीज) चालू राहिला तर ४८ व्होल्टचा पुरवठा रोधकातून थेट वाद्याच्या सर्किटपर्यंत पोचतो. अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या, बेसच्या सर्किटला त्याने इजा होऊ शकते.

उपाय सोपा आहे. इंटरफेसवर (वाद्य कॉम्प्युटरला जोडणाऱ्या यंत्रावर) ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’, म्हणजे जास्त इम्पिडन्सचं, बटण असेल तर ते दाबा. नुसता जॅक कॉम्बो सॉकेटमध्ये (जॅक आणि एक्सएलआर दोन्ही बसणाऱ्या) घालून भागत नाही, कारण बटण न दाबता ते अनेकदा लाइन इनपुट असतं आणि १०-२० किलोओहमचा भार तिथेही पडतो. बटण नसेल तर डीआय लावा: पॅसिव्ह पिकअपला अ‍ॅक्टिव्ह (वीज लागणारा) डीआय, अ‍ॅक्टिव्ह बेसला पॅसिव्ह (नुसत्या ट्रान्सफॉर्मरचा) डीआय. पॅसिव्ह डीआयमधला बारास एक गुणोत्तराचा ट्रान्सफॉर्मर माइक इनपुटच्या दीड किलोओहमचे सुमारे २१६ किलोओहम करून दाखवतो. अ‍ॅक्टिव्ह बेसला ते भरपूर झाले, पॅसिव्ह गिटारला जेमतेम.

दुसरी चूक लो-कटची. आधी गायकाचा आवाज रेकॉर्ड झाला, ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) तसाच दाबलेला राहिला आणि त्याच चॅनलवर बेस आला. चार तारी बेसची मोकळी ई ४१ हर्ट्झला असते, पाच तारीची बी ३१ ला. फिल्टरचा उतार ऑक्टेव्हला १२ डेसिबलचा असेल तर ई ची मूळ नोट जवळजवळ १२ डेसिबल खाली जाते. छोट्या स्पीकरवर हे कळतही नाही, कारण तिथे ८२ हर्ट्झचा हार्मोनिकच ऐकू येत असतो. वाद्य बदललं की चॅनलवरचं प्रत्येक बटण बोटाने चाचपून बघायचं. नुसती नजर फिरवून भागत नाही, दाबलेलं बटण नजरेतून सहज सुटतं.

गेन लावताना वादक हळू वाजवतो आणि खऱ्या रेकॉर्डिंगला जोर लावतो, हे नेहमीचंच. म्हणून त्याला गाण्यातला सगळ्यात जोराचा भाग अर्धा मिनिट वाजवायला सांगा, शिखरं उणे १२ डीबीएफएसला (डिजिटल मीटरच्या टोकापासून १२ डेसिबल खाली) बसवा, आणि स्लॅप (अंगठ्याने तारा आपटून वाजवणं) असेल तर अजून ३ खाली घ्या. चोवीस बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये मीटर लाल दिव्याला टेकवण्याची काही गरज नसते.

हम (विजेची सततची घुमघुम) येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, मग सिंगल कॉइल गिटार जागेवरच हळूहळू फिरवा. हम एका दिशेला कमी होतो, त्याच दिशेला तोंड करून वाजवा. तरीही राहिला तर डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट (सिग्नल वायरीची अर्थ जोडणी तोडणारं बटण) दाबा. प्लगची अर्थ पिन कधीही तोडू नका. त्या पिनवर जीव अवलंबून असतो.

अँपचा स्पीकर आउट प्रीअँपला जोडू नका. स्पीकरचा भार काढलेला ट्यूब अँप आउटपुट ट्रान्सफॉर्मर गमावू शकतो.

अ‍ॅक्टिव्ह बेसचा जॅक खोचलेला असेपर्यंत ९ व्होल्टची बॅटरी उतरत राहते. रेकॉर्डिंगमध्ये अवचित फाटका आवाज आला तर आधी ती बदला.

गिटारचा डीआय कोरडा आणि टोचरा लागतो म्हणून घाबरू नका, ट्रेबलही कापू नका. अँपचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं गाळून टाकतो. ते काम सॉफ्टवेअरमधल्या कॅबिनेटला (स्पीकरच्या पेटीच्या नकलेला) करू द्या.

डीआयसोबत अँपसमोर माइकही लावला असेल तर दोन्ही ट्रॅक मोठे करून पहिला ठोका बघा. माइक ३० सेंटीमीटर दूर असेल तर तो ट्रॅक सुमारे ०.९ मिलिसेकंद मागे पडलेला दिसतो, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला ४२ सॅम्पल. माइकचा ट्रॅक तेवढा आधी आणा, मग एकाची पोलॅरिटी (सिग्नलची उलटसुलट दिशा) उलटून ऐका आणि ज्यात खालचा आवाज भरीव लागेल ते ठेवा.