मित्राकडे लावलेली गाडी आणि खासगी पार्किंगची नोटीस (इंग्लंड)

हा सरकारी दंड नव्हे, खासगी कंपनीची मागणी. लगेच भरू नका, पण केराच्या टोपलीतही टाकू नका. माझं काम नोटिशीच्या तारखेने केलं. काचेवर काही चिकटवलेलं नसेल, तर २०१२ च्या कायद्यानुसार गाडीच्या नोंदणीकृत धारकावर (गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे तो) जबाबदारी टाकायला नोटीस १४ दिवसांत पोचावी लागते. मोजणी गाडी लावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. उशीर झाला की उरतो फक्त चालक, आणि तो कोण हे सांगायचं बंधन धारकावर नाही. म्हणून कंपनीकडे करायच्या अपिलात ‘मी लावली’ चुकूनही नको, ‘चालकाने’ लिहा. मी मित्राच्या भाडेकरारातलं पाहुण्यांच्या पार्किंगचं कलम जोडलं, शिवाय झुडपाआड गेलेल्या पाटीचा फोटो. कंपनी ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची सदस्य असेल, तर नकारासोबत पोपलाचा (POPLA, स्वतंत्र अपील सेवा) कोड मिळतो. तिथलं अपील फुकट, मुदत २८ दिवस.